[मंडळ] आकाशकंदील कार्यशाळा: तारीख, काड्या आणि किट

सेक्रेटरी, दुबई | रविवार, २७ सप्टेंबर २०२६

मंडळी, नमस्कार.

विसर्जनाची झोप अजून उतरली नसेल, खरं दिवाळी आता सहाच आठवड्यांवर आली. या वर्षी आपल्यातली अकरा घरं गावी जाणार आहेत. म्हणून गेल्या वर्षी दुबईत जे जमलं नाही ते बेळगावात करूया असं कमिटीत ठरलं: पोरांसाठी आकाशकंदिलाची कार्यशाळा. इकडची बारा-पंधरा पोरं आणि गावातली तेवढीच. तीस धरून चला.

बेत असा. रविवार, १ नोव्हेंबर, सकाळी दहा ते बारा, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळचा हॉल. लेसरनं कापलेले तयार किट मागवायचे, खाचेत खाच अडकवली की कंदील उभा. आत बल्ब. शाळांना दिवाळीची सुट्टी असेलच. काही सुचवायचं असेल तर इथंच लिहा. मला वेगळा फोन करू नका, मग कोण काय बोललं ते माझ्याच डोक्यात राहतं आणि तिथंच हरवतं.

अण्णा, शहापूर | रविवार, २७ सप्टेंबर, रात्री

सेक्रेटरीसाहेब, बेळगाव सोडून तुम्हाला किती वर्षं झाली हो? १ नोव्हेंबर म्हटलं की इथलं शेंबडं पोरसुद्धा मान हलवेल. त्या दिवशी राज्योत्सव, कर्नाटकाचा स्थापना दिवस. चन्नम्मा चौकाच्या बाजूला मिरवणुकीची गर्दी, रस्ते अडवलेले. आणि आपल्यातली निम्मी माणसं बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिवस पाळणारी, ती काय कात्री-डिंक घेऊन हॉलात बसणार? तारीख बदला. ८ तारखेला लक्ष्मीपूजन आहे, त्याच्या आत दुसरा रविवार बघा.

आता किट. खाचेत खाच अडकवण्याला कंदील करणं म्हणत नाहीत, त्याला कंदील उघडणं म्हणतात. दहा मिनिटांत पोरं मोकळी होतील आणि उरलेला वेळ मोबाईल बघतील. तुम्ही पैसे घालवू नका. माझ्याकडं बांबू आहे.

आम्ही करायचो तो कंदील सगळ्यांनी बघितलाय, खरं किती काड्या लागतात म्हणून विचारलं तर कुणी सांगत नाही. चोवीस. सगळ्या सारख्या लांबीच्या. सोळा काड्यांचे चार चौकोन बांधायचे. चौकोन आडवा ठेवायचा नाही, टोकावर उभा करायचा, पत्त्यातल्या चौकटसारखा. चारही चौकटी टोकाला टोक लावून गोल जोडल्या की मधे चार सांधे होतात. मग वरच्या चार टोकांना चार काड्या, खालच्या चार टोकांना चार. झाला सांगाडा. मोजा: बाजूचे चार चौकोन, वर एक, खाली एक, आणि मधल्या फटींत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. त्रिकोण कुणी बांधत नाही, ते मिळतात. मला लहानपणी याचंच आश्चर्य वाटायचं, अजून वाटतं.

नऊ इंची काडी घेतली तर कंदील पावणेतेरा इंच उंच होतो. लहान पोराच्या मांडीवर मावतो. एका कंदिलाला अठरा फूट काडी, तीस पोरांना पाचशे चाळीस फूट. मोडतोड धरून साडेसहाशे. एवढं मी सोलून देतो, म्हाताऱ्याला दुसरं काम काय.

बाई, खानापूर | सोमवार, २८ सप्टेंबर

अण्णांचं खरं आहे. आणि सेक्रेटरीदादा, सुट्टीचंही चुकलंय. महाराष्ट्रातल्यासारखी इथं दिवाळीची मोठी सुट्टी नसते. कर्नाटकात सहामाहीची सुट्टी दसऱ्याला, दिवाळीला जेमतेम दोन-चार दिवस. पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला माझ्या बहिणीची मुलं दिवाळीत किल्ले बांधत बसतात आणि आमची मुलं पाढे म्हणत असतात. एकाच पावसात भिजणारी दोन गावं, वेळापत्रकं मात्र दोन. त्यामुळं रविवारच धरा.

२५ ऑक्टोबर कसा वाटतो? २० तारखेला दसरा होऊन जातो, २५ला कोजागिरी आहे. दुपारी तीनला सुरू करून संध्याकाळी तिथंच दूध आटवूया. पोरं कंदील गच्चीत लावून बघतील.

दोन गोष्टी शाळेतल्या अनुभवानं सांगते. एक, सुकलेला बांबू पोरांच्या हातात टचकन मोडतो आणि त्याचं कुसळ बोटात जातं. काड्या आदल्या रात्री पाण्यात भिजवा, सकाळी पुसून घ्या आणि कडा काचकागदानं मारा. काचकागद पोरांना द्या, त्यांना ते काम आवडतं. दुसरं, सहा वर्षांच्या पोराला गाठ बसत नाही. त्याला चौकटीऐवजी पणती रंगवायला द्या. खानापुरात कुंभारांना तोटा नाही, मी साध्या पणत्या आणते.

आणि एक विनंती. आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी. ती याला आकाशबुट्टी म्हणतात. बुट्टी म्हणजे आपलीच बुट्टी, टोपली, आकाशात टांगलेली. मला तर आपल्या शब्दापेक्षा हाच जास्त आवडतो. पत्रकावर दोन्ही नावं, दोन्ही लिप्यांत छापा आणि त्या मुलांनाही बोलवा.

भाचा, मस्कत | सोमवार, २८ सप्टेंबर, मध्यरात्र

नमस्कार. मी इलेक्ट्रिकलचा, म्हणून बल्बवर बोलतो. बांबूबद्दल अण्णांपुढं बोलायची माझी टाप नाही.

पोरांच्या कार्यशाळेत २३० व्होल्ट नको, एवढंच माझं म्हणणं. आपल्या वेळी ‘झिरो’चा बल्ब लावायचे. नाव झिरो, खरं तो पंधरा वॉटच्या आसपास वीज खायचा आणि घोटीव कागद शेकून निघायचा. चाळीसचा लावला की कागद तपकिरी पडायचा. आठवतंय? एलईडी तेवढा तापत नाही, हे खरं. पण होल्डरची वायर पोरानं सोलायची, टेप गुंडाळायची आणि मग ती परतीच्या पावसात गॅलरीत टांगायची, हे मला बघवत नाही.

त्याऐवजी यूएसबीवर चालणारी पाच व्होल्टची बारीक तारेची माळ घ्या. दोन मीटर, वीस दिवे. कंदिलात सैल गुंडाळी करून सोडायची. मोबाईलच्या चार्जरवर चालते, म्हणजे बेळगावातही चालेल आणि आमच्याकडंही, प्लगची भानगड नाही. पॉवर बँक मात्र वापरू नका. माळ इतका कमी करंट घेते की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं काहीच जोडलेलं नाही, आणि त्या थोड्या वेळात आपोआप बंद होतात. मी एकदा पूर्ण संध्याकाळ माळ खराब म्हणून शिव्या घालत बसलो होतो.

मोठ्या पोरांना हौस असेल तर सुटे एलईडी देतो. पांढरा दिवा तीन व्होल्ट घेतो, तांबडा दोन. पाच व्होल्टवर लावताना उरलेला दाब रेझिस्टरनं खायचा. वीस मिलिअँपिअर धरले तर पांढऱ्याला १०० ओहम, तांबड्याला १५०. भागाकार पोरांकडूनच करून घ्या. जुन्या लडीत एक बल्ब गेला की पूर्ण लड का विझायची, तेही तिथंच सांगता येईल: सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस बल्ब एकामागोमाग ओवून २३० भागवलेले, एक तुटला की वाट बंद. आमचे बाबा चांदीचा कागद लावून ती वाट जोडायचे. उरलेल्या बल्बांवर दाब वाढायचा आणि दोन दिवसांत दुसरा जायचा. ते का, हे मला कॉलेजात कळलं.

नाण्याएवढे चपटे सेल कुणीही आणू नका. तीन-चार वर्षांची भावंडं सोबत येणार. तो सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, तासाभराचाही खेळ नाही तो.

आणि प्रश्न एक. मी ३ नोव्हेंबरला पोचतो. माझी पोरं २५ला नसतील. त्यात बायकोला कंदील परत मस्कतला न्यायचाय. तिथं डिसेंबरात शेजारी नाताळचे तारे लावतात, आमचा कंदील त्यांच्या रांगेत जानेवारीपर्यंत लटकलेला असतो. पावणेतेरा इंचाचा गोळा बॅगेत कसा न्यायचा?

काकू, वडगाव | मंगळवार, २९ सप्टेंबर

सगळ्यांनी वीज आणि बांबू लिहिलं, चिकटवायचं कशानं ते कुणी लिहिलं नाही.

बाटलीतला गोंद घेऊ नका. पतंगी कागदावर त्याचे डाग पडतात आणि उजेड लागला की ते डागच दिसतात. खळ करा. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, थंड पाण्यातच गुठळ्या मोडून घ्यायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरं जाऊन काचेसारखं दिसायला लागलं की उतरायचं. आमच्या सासूबाई कागद झुरळानं खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायच्या. ते विष आहे, पोरं बोटं चाटतात, अजिबात घालू नका. तुरटी घाला, खळ दोन दिवस आंबत नाही. माझे वडील चिंचोक्याच्या खळीची गोष्ट सांगायचे, घोंगडीला देतात ती. ती फार चिवट, पण चिंचोके भाजून, भिजवून, वाटण्यात एक दिवस जातो. सेक्रेटरी येणार असतील वाटायला तर मी चिंचोके जमवते.

खळ काडीला लावायची, कागदाला नाही. ओला पतंगी कागद हातातच फाटतो. आणि कागद चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त कापा, काडीवरून दुमडायला. म्हणजे चौकोन दहा इंची. वीस बाय तीसचा ताव घेतला तर एका तावात आपल्याला लागणारे चार चौकोन सहज सुटतात, दुसऱ्यात आठ त्रिकोण. उरलेल्या पट्ट्यांच्या झिरमिळ्या. वरचा आणि खालचा चौकोन मोकळाच ठेवायचा, हवा खेळायला.

दूध मी आटवते. साखर कमी घालणार, आधीच सांगते.

अण्णा, शहापूर | मंगळवार, २९ सप्टेंबर

भाच्याच्या बॅगेचं उत्तर. चार चौकटी एकमेकींना डिंकानं चिकटवल्या नाहीत, नुसत्या दोऱ्यानं सैल बांधल्या, तर ते चार सांधे बिजागरीसारखे फिरतात. वरच्या-खालच्या आठ काड्या सोडवल्या की चारही चौकटी घडी पडून एकावर एक बसतात. एक चपटी चौकट होते, शर्टांच्या मधे जाते. चौकोनांना कागद इथं लावायचा, त्रिकोणांचा कागद कापून सोबत द्यायचा, आठ काड्या सुट्या. मस्कतला जाऊन आठ गाठी मारायच्या. हे मला काल रात्री सुचलं आणि मी उठून करून बघितलं. बायकोनं विचारलं काय करताय, मी म्हटलं मंडळाचं काम.

सेक्रेटरी, दुबई | बुधवार, ३० सप्टेंबर

मान्य, मान्य, सगळं मान्य. किटची ऑर्डर रद्द केली. १ नोव्हेंबरबद्दल आईचाही फोन आला, तिचे शब्द अण्णांपेक्षा कडक होते.

तर रविवार, २५ ऑक्टोबर, दुपारी तीन. हॉलवाले म्हणतात गच्ची मिळणार नाही आणि गॅस पेटवायचा नाही. मग हॉल कशाला? अण्णा, तुमचं परडं आणि माडीवरची गच्ची मिळेल का? पत्रक बाई दोन्ही लिप्यांत लिहून देतील, मी छापून घेतो. माळा मस्कतहून नकोत, बेळगावातच घेऊ. चिंचोके वाटायला मी येत नाही. आम्ही २३ला गोव्याला उतरून चोर्ला घाटानं येतोय, घाटानं पोरांची जी अवस्था होते त्यातून सावरायलाच २४ जाणार.

फक्त वेळ किती लागेल ते कुणी सांगा. दोन तास पुरतील ना?

अण्णा, शहापूर | रविवार, ४ ऑक्टोबर

परडं तुमचंच आहे. पाऊस आला तर सोप्यात बसूया, तीस पोरं मावतात, चपला मावत नाहीत.

आज नातवाला बसवून घड्याळ लावून बघितलं. वय दहा. काड्या कापलेल्या, भिजवलेल्या. पहिली चौकट बांधायला त्याला एकोणतीस मिनिटं लागली. रडकुंडीला आला, दोन काड्या मोडल्या, एकदा उठून गेला आणि चिरमुरे खाऊन परत आला. दुसरीला पंधरा, तिसरीला अकरा, चौथीला नऊ. मी एकही गाठ मारली नाही, हात मागं बांधून बसलो होतो. मला ते त्याच्यापेक्षा जड गेलं. पूर्ण सांगाड्याला पावणेदोन तास, कागदाला आणखी सव्वा. म्हणजे तीन तास, आणि खळ वाळायला वेगळा वेळ.

तेव्हा तीनला नको, दोनला बोलवा. पाचपर्यंत कागद लावून होईल, तासभर वाळत ठेवायचं, तोवर दूध. सहाच्या पुढं अंधार पडतो, मग माळा सोडायच्या. चंद्र पूर्ण असणार, कंदील थोडे फिके दिसतील, त्याला इलाज नाही.

पालकांना एकच सूचना पत्रकात घाला: पोराच्या हातातून काडी काढून घ्यायची नाही. पाहिजे तर काकूंच्या दुधाजवळ बसा.

नातवाचा कंदील जरा डावीकडं कलतोय. वरची एक काडी पाऊण इंच आखूड निघाली, ती मीच कापली होती. बदलून देतो म्हटलं तर नको म्हणाला, तसाच टांगलाय.

भाचा, मस्कत | रविवार, ४ ऑक्टोबर

अण्णा, माझ्या दोघांसाठी चोवीस-चोवीस काड्यांचे दोन जुडगे राखून ठेवा. मोडायला म्हणून वर चार-पाच. ३ तारखेला संध्याकाळी थेट शहापुरात येतो, आधी सासुरवाडीला गेलो तर काड्या तिथले मेहुणे पळवतील.

काकू, वडगाव | सोमवार, ५ ऑक्टोबर

मोठं पातेलं कुणाकडं आहे? पंधरा लिटरचं. आमचं गणपतीत मंडळाला दिलं ते अजून परत आलेलं नाही.