मदत हवी आहे: बाळाच्या फुफ्फुसांची इंजेक्शनं पुन्हा कधी घ्यायची?

नमस्कार. मी जत तालुक्यातल्या एका वस्तीवरून लिहितेय. आज मला गरोदरपणाचे ३० आठवडे ३ दिवस झाले. ज्यांनी हे सोसलंय किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांनी कृपया उत्तर द्या.

तीन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ तिसाव्या आठवड्यातच झालं. कळा सुरू झाल्यावर चौदा तास मी दवाखान्यात होते, पण इंजेक्शन दिलं ते बाळंतपणाच्या तासभर आधी. बाळ तीन दिवस राहिलं. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायची, ते काचेतून दिसायचं. ते चौदा तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

या वेळी २७ आठवडे २ दिवस असताना पोट सारखं कडक होऊन दुखायला लागलं. मिरजेला ॲडमिट केलं. डेक्सामेथासोनची (बाळाची फुफ्फुसं लवकर तयार करणारं स्टिरॉइड) ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं दिली, बारा बारा तासांनी: संध्याकाळी सहा, सकाळी सहा, पुन्हा संध्याकाळी, पुन्हा सकाळी. कळा थांबल्या आणि पाचव्या दिवशी घरी सोडलं. पिशवीच्या तोंडाची लांबी १९ मिलिमीटर आहे, म्हणजे कमी. बाळंतपण लवकर होऊ नये म्हणून रात्री प्रोजेस्टेरॉन घेते.

इंजेक्शनांना आज २२ दिवस झाले. त्यांचा चांगला असर सात दिवस असतो असं मी वाचलं. मग आता माझं बाळ उघड्यावर आहे का? सासूबाई म्हणतात, जाऊबाईंच्या भाचीला दर आठवड्याला देत होते, तू पण मागून घे. डॉक्टर म्हणतात आत्ता नको, कळा आल्या तर बघू. पण मिरज इथून दोन तासांवर आहे. रात्री दोनला कळा आल्या तर असर व्हायला लागणारे २४ तास मी कुठून आणू?

प्रतिसाद १

ताई, तुमचं वाचून पोटात तुटलं. माझी मुलगी ३१ व्या आठवड्यातली, आता पहिलीत जाते. मला इंजेक्शनं पूर्ण झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळा आल्या. एक सांगते, तुम्हाला पुन्हा इंजेक्शनं दिली तर हे माहीत असलेलं बरं. इंजेक्शनांनंतर दोन दिवस बाळाची हालचाल कमी वाटू शकते. मी रडून गोंधळ घातला होता. डॉक्टरांनी ठोके तपासले, ते नीट होते. हालचाल कमी वाटली तर घरी अंदाज करत बसू नका, तपासून घ्या. आणि तुम्हाला शुगर असेल तर तीही काही दिवस वाढते, तेव्हा आधी सांगून ठेवा.

प्रतिसाद २

मी निवृत्त सिस्टर आहे, बरीच वर्षं उपकेंद्रात काढली. बाळा, तुझ्या त्या चौदा तासांचं वाईट वाटतं. २०१४ साली केंद्र सरकारच्या सूचना आल्या की २४ ते ३४ आठवड्यांत कळा घेऊन बाई आली, तर एएनएमनेही (उपकेंद्रातल्या नर्सने) डेक्साचा पहिला डोस द्यायचा आणि मगच पुढे पाठवायचं. बाई वाटेत असताना औषध कामाला लागतं. चारही डोस होतील की नाही याचा विचार करून पहिला थांबवायचा नसतो, अर्धवट कोर्सचाही थोडा फायदा होतो.

तुझी गोष्ट वेगळी, एक कोर्स झालेला आहे. म्हणून डॉक्टरांकडून फाइलवर स्पष्ट लिहून घे: कळा आल्या तर जवळच्या दवाखान्यात पहिला डोस द्यायचा की नाही. रात्री दोनला ड्युटीवरच्या बाईला तो कागद दाखवला की वाद होत नाही. मागच्या कोर्सच्या तारखा आणि वेळाही त्याच पानावर हव्यात.

प्रतिसाद ३

मी नवजात बाळांच्या आयसीयूत काम करतो. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी तुमची भीती. सात दिवस झाले की असर पुसला जातो असं नाही. २४ तास ते सात दिवस या काळात फायदा सर्वांत जास्त दिसतो, पुढे तो कमी होत जातो. शिवाय या २२ दिवसांत बाळ पोटातच वाढलंय, आणि ते कुठल्याही इंजेक्शनापेक्षा मोठं आहे.

ही वेळेची गोष्ट अगदी सुरुवातीपासूनची आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स या प्रसूतितज्ज्ञांना मेंढ्यांवरच्या प्रयोगात दिसलं की स्टिरॉइड मिळालेली अपुऱ्या दिवसांची कोकरं अपेक्षेपेक्षा जास्त तगतात. मग त्यांनी आणि बालरोगतज्ज्ञ हॉवी यांनी २८२ मातांवर अभ्यास केला, तो १९७२ साली छापून आला. श्वासाचा त्रास उपचार घेतलेल्या गटात ९ टक्के बाळांना झाला, दुसऱ्या गटात २५.८ टक्के. पण हा फरक ३२ आठवड्यांच्या आतल्या, आणि औषध मिळून किमान २४ तासांनी जन्मलेल्या बाळांतच होता. फुफ्फुसं चिकटू न देणारा सर्फॅक्टंट तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

दर आठवड्याला देणं पूर्वी चालायचं. वारंवार कोर्स दिलेल्या बाळांचं वजन कमी भरतं असं दिसल्यावर ते सोडलं. सासूबाईंचं मन मोडू नका, पण हे मागू नका. ३४ आठवड्यांच्या आत, आधीचा कोर्स होऊन साधारण दोन आठवडे उलटले असतील आणि आठवडाभरात बाळंतपण होईल अशी खरी चिन्हं असतील, तर एकदा पुन्हा देता येतो. तुमची ती एक संधी शिल्लक आहे. आज कळा नसताना घेतलीत आणि बाळंतपण ३३ व्या आठवड्यात झालं, तर ऐन वेळी ती हातात नसेल. म्हणून डॉक्टर थांबलेत.

तुमची खरी अडचण ते दोन तास आहेत. ३४ आठवडे होईपर्यंत मिरजेत राहायची सोय होते का बघा. पोट कडक होणं, कंबर दुखणं, पाणी किंवा रक्त जाणं, काहीही झालं तरी लगेच दाखवा. कळा थोपवणारी औषधं एकदोन दिवस मिळवून देतात, आणि इंजेक्शनांना तेवढेच हवे असतात. पण त्यासाठी वेळेत पोचलं पाहिजे.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे खूप आभार. प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, तुझी बॅग मी भरते.

डॉक्टरांशी फोनवर बोलले. उद्या तपासून फाइलवर लिहून देणार आहेत. मिरजेत मावशीची एक खोली आहे, तिथून दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर. सकाळी भावाची गाडी येतेय. ३४ आठवडे व्हायला पंचवीस दिवस आहेत, सासूबाईंनी कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकू लावलंय.