समुद्राच्या पाण्यातलं युरेनियम धाग्यावर बसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. समुद्रातून युरेनियम शोषणारा धागा हा माझा प्रोजेक्ट. मोठ्या प्रयोगशाळांत पॉलिथिलीनवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यावर ॲक्रिलोनायट्राइल जोडतात. आमच्याकडे ती सोय नाही, म्हणून विणकामाची ॲक्रिलिक लोकरच घेतली. तिच्यात नायट्राइल गट मुळातच असतात. हायड्रॉक्सिलअमाइनच्या द्रावणात ७० अंशांना तापवून त्यांचं अमिडॉक्सिम (युरेनियमसारखे धातू पकडणारा गट) केलं. आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) नायट्राइलचं २२४० चं शिखर बरंच उतरलं, मोरचुदाच्या पाण्यात धागा तांबं पकडून बघता बघता हिरवा झाला. त्या दिवशी फार आनंद झाला होता.

मग ऑगस्टमध्ये ओहोटीच्या वेळी वर्सोव्याहून २० लिटर पाणी आणलं, गाळलं आणि ५ ग्रॅम धागा त्यात रात्रभर ठेवला. सकाळी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन आर्सेनॅझो-३ (युरेनियम असलं की रंग बदलणारं रंजक) घातलं. रंग बदललाच नाही.

गाईड मॅडम म्हणतात, धागाच नीट झालेला नाही. मला तसं वाटत नाही, पण दाखवू कसं? युरेनियमचे क्षार अणुऊर्जा कायद्याखाली येतात, कॉलेजला सहज मिळत नाहीत. चार महिन्यांचं काम आहे हो, कृपया कुणीतरी सांगा.

प्रतिसाद:

ताई, धाग्याला इतक्यात दोष देऊ नका. समुद्राच्या १ लिटर पाण्यात युरेनियम जेमतेम ३.३ मायक्रोग्रॅम. तुमच्या २० लिटरांत सगळं मिळून ६६. तेही खऱ्या समुद्राचं पाणी असेल तर! पावसाळ्यात, ओहोटीला खाडीचं गोडं पाणी बाहेर येतं. क्षार कमी झाले की युरेनियमही कमी होतं.

दुसरं, ते मोकळं नसतं. तीन कार्बोनेटांनी जखडलेलं असतं, बहुतेकदा सोबत कॅल्शियमही. ती पकड सोडवून धाग्यावर यायला आठवडे लागतात, त्यामुळे मोरचुदावरून वेळेचा अंदाज बांधू नका. जपानमध्ये मुत्सूजवळच्या समुद्रात ३५० किलो कापड एकूण २४० दिवस बुडवलं, तेव्हा कुठे सुमारे १ किलो यलोकेक (युरेनियमची पिवळी भुकटी) मिळाला (१९९९ ते २००१).

पाणी डिसेंबरात, भरतीला आणा आणि पंपाने सतत फिरवत ठेवा. आधी धागा सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवा, पण थोडाच वेळ, जास्त झालं तर ॲक्रिलिकची जेली होते.

मॅडमना दाखवायला व्हॅनेडियम मोजा. समुद्राच्या पाण्यातला हा धातूही अमिडॉक्सिमलाच चिकटतो, युरेनियमची जागा अडवणारा तोच, आणि त्यासाठी परवान्याची भानगड नाही. पातळ आम्लाने तो सुटत नाही, म्हणून धाग्याचा तुकडाच नायट्रिक आम्लात पूर्ण पचवून आयसीपी-एमएसला (अत्यल्प धातू मोजणाऱ्या यंत्राला) द्या. सोबत तुलनेसाठी त्याच पाण्यात ठेवलेल्या साध्या, प्रक्रिया न केलेल्या लोकरीचा तुकडाही द्या.