मदत हवी आहे: लंडनमध्ये दोन लहान मुलं घेऊन शनिवार-रविवार कसा बसवता?

नमस्कार मंडळी,

आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो. लेक सहा वर्षांची, इयर वनमध्ये (इथली पहिली) आहे, धाकटा अडीच वर्षांचा. नवऱ्याची बहुतेक शनिवारी ड्युटी असते त्यामुळे शनिवार पूर्ण माझ्या एकटीवर, आणि रविवारी तो घरी असला तरी आठवड्याचा बाजार, कपडे, सोमवारचे युनिफॉर्म यात सकाळ निघून जाते. सोमवारी मुलं इतकी दमलेली असतात की लेकीला उठवताना रडारड होते. म्हणून हा धागा.

शनिवार असा असतो. सकाळी लेकीचं स्विमिंग, तिथून तसंच ओल्या केसांनी मराठीचा वर्ग (आमच्या भागातल्या काही आईबाबांनी मिळून एक हॉल भाड्याने घेतलाय), आणि दुपारी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस. इथे या वयाच्या वर्गात 30 पर्यंत मुलं असतात आणि पहिली एकदोन वर्षं बरेच पालक अख्ख्या वर्गाला बोलावतात, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. पार्टी सॉफ्ट प्लेमध्ये (गाद्या-घसरगुंड्यांची घरातली खेळायची जागा) असते, तिथे दोन तास आवाज, मग पिझ्झा, केक, आणि धाकट्याची नेमकी तीच झोपेची वेळ. बग्गीत (मुलाच्या ढकलगाडीत) झोपला तर झोपला, नाहीतर संध्याकाळी तो असा चिडचिड करतो की जेवण भरवणंच अशक्य होतं.

आणि या सगळ्यात मला मुलांना फिरवायचंही आहे. या शहरात मुलांसाठी एवढं काही फुकट आहे की घरात बसून राहिलं तर जिवाला लागतं. नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम दोन्हीला तिकीट नाही. 11 वर्षांखालच्या मुलांना तिकीट काढलेल्या मोठ्या माणसासोबत ट्यूब (इथली मेट्रो), डीएलआर (पूर्वेकडची छोटी, चालकाशिवाय धावणारी रेल्वे), एलिझाबेथ लाइन, सगळं फुकट. पण एकटीने बग्गी, डब्याची बॅग आणि दोन मुलं घेऊन या म्युझियमांच्या साउथ केन्सिंग्टन स्टेशनला उतरलं की पुढे पायऱ्या, कारण फलाटावरून वर यायला लिफ्ट नाही. लोक मदत करतात, खरंच करतात, कुणीतरी न विचारता बग्गीचं पुढचं चाक धरतंच, पण एका हाताला लेक आणि समोर गर्दी असताना माझं सगळं लक्ष धाकट्याच्या पट्ट्याकडे असतं. त्यात शनिवार-रविवारी हमखास कुठली तरी लाइन कामासाठी बंद, मग बदली बस. गाडी आहे पण मध्य लंडनचा कंजेशन चार्ज (तिथे गाडी नेण्याचा कर) शनिवार-रविवारीही दुपारी 12 ते 6 लागतो, आणि पार्किंगचं तर बोलायलाच नको.

एक रविवार मात्र फार छान गेला तो सांगते, म्हणजे मला नेमकं काय हवंय ते कळेल. आम्ही चौघं ग्रिनिचला गेलो होतो. वेम्बली पार्कला गाडी बदलून ज्युबिली लाइनने कॅनरी वॉर्फ आणि तिथून डीएलआर. डीएलआरला पुढे ड्रायव्हरची केबिन नसते, त्यामुळे पहिल्या डब्यात अगदी समोरच्या काचेपाशी बसता येतं. लेक तिथे बसली आणि प्रत्येक स्टेशन यायच्या आधी मराठीत घोषणा द्यायला लागली, "पुढील स्टेशन मडच्यूट, कृपया दाराजवळ उभे राहू नये", आणि धाकटा दोन्ही हात पसरून दारं उघडायचा आणि टाळी वाजवून बंद करायचा. शेजारच्या आजोबांनाही मजा येत होती. कटी सार्क जहाज बाहेरूनच बघितलं, आत जायला तिकीट आहे. मग थेम्सखालचा पायी जायचा बोगदा, 1902 चा आहे तो, आत पांढऱ्या टाइल्स आणि आवाज घुमतो, दोघांनी ओरडून घेतलं. पलीकडे आयलंड गार्डन्सच्या बागेत दहीभात आणि तूपसाखरेची पोळी खाल्ली आणि परतीच्या गाडीत धाकटा बग्गीत आपोआप झोपला. त्या दिवशी एकच ठिकाण होतं, घाई नव्हती, आणि प्रवास हाच मुलांचा खेळ झाला. मला असे रविवार महिन्यातून निदान दोन तरी हवे आहेत.

तर माझे प्रश्न:

दोन वेगळ्या वयांची मुलं असलेल्यांनी धाकट्याच्या दुपारच्या झोपेचं काय केलं? झोप होईपर्यंत घरी थांबायचं म्हटलं तर हिवाळ्यात बाहेर पडेपर्यंत अंधारच, डिसेंबरमध्ये चारच्या आधी सूर्य मावळतो. सकाळी लवकर निघून दीडला घरी परत, असं कुणी करतं का?

वाढदिवसांना नाही कसं म्हणता? लेकीला सगळीकडे जायचं असतं आणि तिच्या मैत्रिणी होताहेत याचा मला आनंदच आहे. पण प्रत्येक शनिवार नको.

आणि स्विमिंग की मराठी, एक सोडायची वेळ आली तर? मैत्रीण म्हणते मराठी सोड, घरी बोलताच की. मला ते पटत नाही. घरी बोलतो पण लेक आता उत्तर इंग्लिशमध्ये देते, आणि वर्गात तिच्या वयाची मुलं मराठीत भांडतात, खेळतात, ते मी घरी कुठून आणू? माझी आई साताऱ्याहून दर रविवारी फोन करते, तिच्याशी लेक पूर्ण वाक्यात बोलते ते त्या वर्गामुळे. स्विमिंगचं म्हणाल तर इथल्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपेपर्यंत 25 मीटर पोहता यायला हवं असं आहे आणि शाळाही शिकवते, पण ते बहुतेक मोठ्या वर्गांत, तोवर थांबायला भीती वाटते. आठवड्यातल्या संध्याकाळच्या बॅचला वेटिंग लिस्ट आहे, नाव घालून ठेवलंय.

---

थोडी भर घालते, काहींनी विचारलंय म्हणून.

टीएफएल गो (लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीचं) ॲप वापरते. त्यात पायऱ्या नसलेली स्टेशनं वेगळी दाखवणारा नकाशा आहे, ज्यांना माहीत नसेल त्यांनी नक्की बघा. हॅरो-ऑन-द-हिलला आता लिफ्ट आहेत, तेवढा मोठा आधार.

कॉव्हेंट गार्डनचं ट्रान्सपोर्ट म्युझियम (जुन्या बस-गाड्यांचं) सुचवल्याबद्दल आभार. मोठ्यांचं तिकीट वर्षभर चालतं आणि मुलांना फुकट, म्हणजे तासाभरात निघालो तरी पैसे वाया गेल्यासारखं वाटणार नाही, हे मला फार आवडलं. फक्त बग्गी असेल तर कॉव्हेंट गार्डन स्टेशनला उतरू नका, लिफ्ट बंद असली तर 193 पायऱ्यांचा गोल जिना आहे. आम्ही बसने जाऊ. बसमध्ये व्हीलचेअर आली तर बग्गी मिटावी लागते, आणि ते बरोबरच आहे, म्हणून आता हलकी मिटणारी बग्गी बघतेय, कुणी वापरत असेल तर सांगा, झोपलेलं मूल आडवं होईल अशी हवी.

सायन्स म्युझियमच्या तळमजल्याखालचं द गार्डन 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी आहे, पाण्यात खेळायचं असतं, जादा कपडे न्या. आमचा धाकटा तीनचा झाला की दोघांनाही ते चालेल, पण लेक तोवर सात वर्षांची होईल का याचा हिशेब लावून ठेवलाय, मधे थोडेच महिने मिळतात.

ज्यांनी लिहिलंय की शनिवार पूर्ण मुलांच्या क्लासेसना आणि रविवार सकाळ फक्त बाहेर, बाजार शुक्रवारी रात्री ऑनलाइन मागवायचा, ते मला जमण्यासारखं वाटतंय. नवऱ्याशी बोलले, तो युनिफॉर्म आणि कपडे शनिवारी ड्युटीवरून आल्यावर करतो म्हणालाय.

पण वाढदिवसाचं अजून कुणीच नीट सांगितलेलं नाही. पुढच्या शनिवारी परत एक पार्टी आहे, लेकीच्या अगदी जवळच्या मैत्रिणीची नाही, आणि त्या आईला उद्यापर्यंत कळवायचंय. इथल्या लोकांना काय लिहिलं की वाईट वाटत नाही? कारण द्यायचं की नुसतं येता येणार नाही म्हणायचं? आणि आपण गेलो नाही तरी भेट पाठवायची पद्धत आहे का? आज रात्री कुणी जागं असेल तर प्लीज लिहा.