इंदूर: 11 वर्षांच्या लॅब्राडोरला लिम्फोमा, केमो सुरू करतोय, घरी काय तयारी ठेवू?

अनघा_सुदामानगर

नमस्कार मंडळी. आमचा चिकू, लॅब्राडोर, 11 पूर्ण झालीत. अंघोळ घालताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी हाताला लागल्या, मग बघितलं तर खांद्याच्या पुढे आणि मागच्या गुडघ्यांच्या मागे पण तशाच. डॉक्टरांनी सुई घालून स्लाइड पाठवली, रिपोर्ट आला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. सध्या खातोय, फिरायला जातोय, शेपूट हलवतोय, बघणाऱ्याला वाटणारच नाही आजारी आहे. केमो करायचं आम्ही घरच्यांनी ठरवलंय. पण नातेवाइकांपैकी जो येतो तो म्हणतो म्हातारं जनावर आहे, कशाला त्याला छळता, आणि ते ऐकून रात्री झोप लागत नाही. माणसांचं केमो घरात बघितलंय, तसंच सगळं ह्याचं पण होणार का? केस जाणार, उलट्या होणार?

घरात आई-बाबा आहेत आणि वहिनीला पाचवा महिना लागलाय. फरशी सगळी गुळगुळीत टाइल्सची, चिकूचे मागचे पाय आधीच कमजोर आहेत, त्यासाठी सांधेदुखीची गोळी कधी कधी देतो. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, छोट्यातली छोटी गोष्ट पण चालेल.

केदार_टिळकनगर

अनघा, आमच्या राणीला हेच होतं, म्हणून सविस्तरच लिहितो.

पहिलं म्हणजे माणसांचं केमो डोक्यातून काढून टाक. माणसांमध्ये आजार मुळापासून घालवायचा असतो म्हणून शरीराला झेपेल तितका जास्त डोस देतात. कुत्र्यांमध्ये तसं करत नाहीत, डोस मुद्दाम कमी ठेवतात, कारण हेतू एवढाच की जितके दिवस मिळतील ते चांगले जावेत. बऱ्याच कुत्र्यांना एखाद दिवस मळमळ, थोडे जुलाब, सुस्ती, बस्स. केस लॅबचे सहसा जात नाहीत, मिशा गळतात आणि सुईसाठी जिथे भादरतात तिथले केस हळू येतात. पूडल, शिह त्झू, ल्हासा अशांचे मात्र जातात कारण त्यांचे केस वाढतच राहणारे.

आता आकड्यांचं, कारण ते कोणी सरळ सांगत नाही. काहीच केलं नाही तर बहुतेक कुत्र्यांना महिना-दीड महिना, नुसत्या स्टेरॉइडवर एक-दोन महिने, आणि चार औषधांचा जो पूर्ण कोर्स असतो (चॉप म्हणतात, साधारण पाच-सहा महिने चालतो) त्यात बहुतेकांच्या गाठी बसतात आणि सरासरी वर्षभराच्या आसपास मिळतं. कोणाला कमी कोणाला जास्त. दोन वर्षं काढणारे थोडेच. म्हणजे बरं होणं नाही हे, पण कुत्र्याच्या आयुष्यातलं एक वर्ष म्हणजे खूप झालं गं. राणीने त्या काळात रंगपंचमीला गच्चीवरून सगळी गेर (रंगांची मिरवणूक) बघितली, भुंकून भुंकून घसा बसवला.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू, थर्मामीटर. डिजिटल, फक्त चिकूसाठी वेगळा, मागून लावायचा, टोकाला थोडी व्हॅसलीन. कुत्र्याचं नॉर्मल 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. डोसनंतर साधारण आठवड्याने पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, खरी भीती तेव्हाच्या संसर्गाची, उलटीची नाही. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, 103 च्या वर गेला किंवा ताप नसूनही एकदम गळून पडला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच फोन. म्हणून पहिल्या डोसच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेव रात्री कोण उचलेल. आमच्या वेळी एका क्लिनिकने रात्री फोनच घेतला नाही, तेव्हापासून दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवले होते.

आणि नातेवाइकांचं ऐकू नकोस. सोबत राहणाऱ्याला कळतं जनावर छळलं जातंय का नाही ते.

जोशीकाकू_रामबाग

अनघा बाळा, खाण्याचं मी सांगते. कच्चं काहीही नको, कच्चं मांस नको, कच्चं अंडं नको, पेशी कमी असताना त्यातूनच पोट बिघडतं. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, मऊ भात, त्याला चालत असेल तर थोडं दही किंवा पनीर. कांदा-लसूण अजिबात नको, सूप करताना आपल्या हातून सवयीने पडतो म्हणून त्याचं भांडंच वेगळं ठेव. मनुका-द्राक्षं पण नकोत. खाल्लं नाही तर थोडं कोमट करून दे, वास सुटला की खातात. डोसच्या दिवशी त्याचा आवडता पदार्थ मुद्दाम देऊ नकोस, मळमळ झाली की तोच पदार्थ पुढे तोंडात घेत नाहीत, आमच्या टॉमीने पनीर कायमचं सोडलं होतं.

महूची_डॉक्टर

पशुवैद्य आहे, इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकले. चिकूला बघितलेलं नाही त्यामुळे डोस वगैरे सांगणार नाही, पण आपल्या डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते.

सांधेदुखीच्या गोळीचं आधी सांगा त्यांना. ती मेलॉक्सिकॅमसारखी असेल आणि केमोबरोबर प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू होणार असेल तर दोन्ही एकत्र चालत नाहीत, पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो. मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे ते तेच ठरवतील. आणि घरातलं पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम कधीच नाही, अर्धी गोळी सुद्धा नाही.

दुसरं, गोचीड तापाची टेस्ट झालीये का? आपल्याकडे एर्लिकिया (हाच गोचीड ताप) इतका आहे, त्यातही गाठी सुजतात आणि प्लेटलेट पडतात. चिकूचा स्लाइडचा रिपोर्ट स्पष्ट आहे तरी दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि प्लेटलेट आधीच कमी असताना केमो देणं अवघड जातं. प्रत्येक डोसच्या आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) होतेय ना हे बघा. पेशी कमी आल्या तर डोस पुढे ढकलतात, त्याने घाबरू नका, ती काळजी घेणंच आहे.

विन्क्रिस्टिन या केमोच्या इंजेक्शनचा सराव इथल्या डॉक्टरांना असतो, कारण रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये टीव्हीटी नावाचा संसर्गाने पसरणारा ट्यूमर खूप असतो आणि तो याच इंजेक्शनने बरा होतो. पण हे औषध शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस जळतं, म्हणून शिरेत सलाइनची सुई नीट बसली पाहिजे आणि चिकू हलला नाही पाहिजे, त्याच्या डोक्याजवळ घरचं माणूस उभं राहू द्या असं म्हणा. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं दुसरं औषध हृदयावर परिणाम करतं, ते देणार असतील तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात का विचारा. सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाने मूत्राशयाला त्रास होतो, त्या दिवसांत पाणी भरपूर आणि दर दोन-तीन तासांनी खाली न्यायचं, लघवीत रक्त दिसलं तर कळवायचं.

वहिनींचं महत्त्वाचं. डोसनंतर दोन-तीन दिवस लघवी, शी, उलटी यांच्याजवळ त्यांनी जायचं नाही, केमोच्या गोळीला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी ग्लोव्हज घालून पुसायचं, कपडे वेगळे धुवायचे. गोळी तोडायची नाही, चुरायची नाही. नुसतं त्याच्या अंगावर हात फिरवायला हरकत नाही हं.

अनघा_सुदामानगर

डॉक्टर ताई खूप खूप धन्यवाद, गोचीड तापाचं कोणी बोललंच नव्हतं, उद्याच विचारते. एक राहिलं, केमोला अजून आठवडा आहे तर तोवर स्टेरॉइड सुरू करून देऊ का असं एका ओळखीच्यांनी सुचवलंय, गाठी लगेच बसतील म्हणून. आणि महूला दाखवून घ्यावं का की सरळ मुंबईला न्यावं? बाबा म्हणताहेत अवंतिका एक्सप्रेसने जाऊ.

महूची_डॉक्टर

स्टेरॉइड स्वतःहून अजिबात सुरू करू नका. गाठी बसतात हे खरं, पण आधी नुसतं स्टेरॉइड दिलं तर कॅन्सरच्या पेशी औषधाला दाद देईनाशा होतात आणि मग केमोचा गुण कमी येतो. त्याचा श्वास अडकायला लागला वगैरे तर गोष्ट वेगळी, तेव्हा तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि एकदा कोर्समध्ये सुरू झालं की मनाने एकदम बंद पण करायचं नाही. त्याने भूक-तहान-लघवी तिन्ही वाढतात, धाप लागते, रात्री उठावं लागेल ही तयारी ठेवा.

महूला जरूर दाखवा, सरकारी कॉलेज आहे, फी खाजगीपेक्षा कमी असते आणि डॉक्टर लोक शिकवणारे आहेत. आधी फोन करून विचारा केमो तिथे होईल का नुसता सल्ला मिळेल. मुंबईसाठी चिकूला उगाच नेऊ नका, आधी रिपोर्ट आणि स्लाइड पाठवा. परळचं जुनं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, महालक्ष्मीला 2024 मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथे विचारता येईल. त्यांनी बोलावलं तरच जा.

केदार_टिळकनगर

रेल्वेने न्यायचंच झालं तर कुत्रं फर्स्ट एसीतच, तेही अख्खा कूपे आपल्या नावावर मिळाला तर, नाहीतर ब्रेकव्हानमध्ये (सामानाच्या डब्यात) टाकतात आणि आजारी म्हाताऱ्या कुत्र्याला तसं अजिबात नको. मे महिन्यात तर नाहीच नाही.

फरशीचं राहिलं. जिथे जिथे तो उठतो-बसतो तिथे रबरी चटया किंवा योगा मॅट टाक, बेडपासून पाण्यापर्यंत अख्खा पट्टाच कर, पंजांमधले केस कापून घे, त्यांनीच घसरतात. जिन्यावरून उतरवताना पोटाखालून जुना टॉवेल घालून दोघांनी धरायचं. गल्लीतल्या पिल्लांपासून पेशी कमी असतानाच्या दिवसांत लांब ठेव, लशींचं पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नको.

आणि कालनिर्णयवर रोज एक खूण कर, चांगला दिवस का वाईट. अमेरिकेतल्या व्हिलालोबोस नावाच्या कॅन्सरच्या पशुवैद्य बाईंचं एक मोजमाप आहे. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि चांगले दिवस वाईटांपेक्षा जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना 0 ते 10 मार्क द्यायचे, एकूण 35 च्या वर असलं तर ठीक चाललंय असं धरतात. आम्ही घरातले वेगवेगळे मार्क द्यायचो आणि मग बोलायचो. आई नेहमी जास्त द्यायची, मी कमी. थांबायचं कधी यावर भांडण झालं नाही ते त्यामुळेच, कारण खुणा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. कुठे थांबायचं ते आजच, तो बरा असताना, सगळ्यांनी बसून बोलून घ्या, खर्चाचं पण. पूर्ण कोर्सचा हिशोब आधी लिहून मागा, तपासण्या धरून. मध्ये पैसे संपले म्हणून थांबावं लागणं फार वाईट. चारही औषधं झेपणार नसतील तर कमी औषधांचे कोर्स असतात, तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगायचं, त्यात काही कमीपणा नाही.

जोशीकाकू_रामबाग

केदारचं बरोबर आहे. आणि अनघा, तू स्वतः जेवतेस ना वेळेवर? आई-बाबांना पण कामं वाटून दे, बाबांना ताप लिहायचं काम दे, त्यांना बरं वाटेल.

अनघा_सुदामानगर

काकू हो, बाबांनी आत्ताच वही घेतली, रकाने आखून राहिलेत. सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, सकाळपासून पहिल्यांदा जरा हलकं वाटतंय. सांधेदुखीची गोळी आजपासून बंद ठेवते आणि डॉक्टरांना सांगते. केदार दादा, त्या रबरी चटया इंदूरमध्ये कुठे मिळतील? आणि चिकूचं वजन 34 किलो आहे, टॉवेलने आईला झेपणार नाही, दुसरं काही असतं का?

केदार_टिळकनगर

मागचे पाय उचलायचा पट्टा मिळतो, हँडलवाला, राणीचा आमच्याकडे तसाच पडलाय आणि ती पण 30 च्या वर होती, चिकूला बसेल. चटया पण आहेत सात-आठ, धुऊन ठेवलेल्या. विकत काही घेऊ नको. मेसेजमध्ये पत्ता पाठव, रविवारी सकाळी आणून देतो आणि पट्टा कसा लावायचा ते आईंना दाखवून जातो.