मदत हवी आहे: चाळिशीच्या डोळ्यांना झेपेल असा डाइव्ह कॉम्प्युटर

नमस्कार मंडळी. मुंबईत राहतो, स्कूबा डायव्हिंगचा ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर कोर्स झालाय, म्हणजे खोलीची मर्यादा ३० मीटर. तारकर्ली आणि जमलं तर अंदमान, एवढंच. टेक्निकल (जास्त खोल, गुंतागुंतीच्या) डायव्हिंगकडे वळायचं नाही, नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा) मात्र शिकणार आहे.

आजवर डाइव्ह सेंटरचा भाड्याचा कॉम्प्युटर (खोली आणि वेळेवरून शरीरात साठलेल्या नायट्रोजनचा हिशोब ठेवणारं मनगटी यंत्र) वापरला. पण दुसऱ्या दिवशी वेगळाच हातात आला, तर आदल्या दिवशीच्या नायट्रोजनचा हिशोब त्यात नसतो. हे मला मुळीच पटत नाही, म्हणून स्वतःचा हवा.

खरी अडचण डोळ्यांची. तारकर्लीच्या गढूळ, हिरव्या पाण्यात नो-डेकोचे आकडे (वर येताना सक्तीचे थांबे न घेता अजून किती मिनिटं खाली राहता येईल ते) वाचायला मनगट पार मास्कपाशी न्यावं लागलं. मास्कला आतून चिकटवायची भिंगं लावून पाहिली, उडी मारताच एक सुटलं.

क्रेसी लिओनार्डो हाताळला. आकडे ठळक, सेल घरी बदलता येतो, पण बटण एकच. शिअरवॉटर पेरेग्रीनचा रंगीत पडदा फारच सुरेख, ग्रेडियंट फॅक्टरही (नायट्रोजनचा हिशोब किती सावध ठेवायचा ते) बदलता येतात. पण माझं बजेट ३०,००० आणि तो त्याच्या बराच वर. सेकंडहँड नको.

चाळिशी लागलेल्या कुणी लिओनार्डो गढूळ पाण्यात वापरलाय का? चष्म्याविना नीट वाचता येतो, की थांबून पैसे साठवून पेरेग्रीनच घेऊ? आणि लिओनार्डोच्या सेलच्या झाकणाची ओ-रिंग (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) मुंबईत कुठे मिळते?