पुण्यात राहून समुद्रपक्ष्यांवर संशोधन: वाट कशी आहे?

प्राणिशास्त्र_तिसरं_वर्ष: नमस्कार. बीएस्सीचं शेवटचं वर्ष आहे आणि पुढे समुद्रपक्ष्यांवरच काम करायचं ठरवलंय. कुठे शिकावं, पैसे कसे मिळतात, प्रत्यक्ष काम काय असतं? वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवरच्या ब्रायडल्ड टर्न या समुद्रपक्ष्यांना जिओलोकेटर (उजेडाची नोंद ठेवून जागा सांगणारं छोटं यंत्र) लावून ते वीण संपल्यावर कुठे जातात, हे पीएचडीत शोधता येईल का?

खारावारा: शिक्षणाचं आधी सांगतो, ते लवकर आटपतं. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधता विषयात एमएस्सी आहे. बाहेर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवविज्ञान संशोधन केंद्र. पुढे नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग ४२,०००, घरभाडं वेगळं. एकूण पाच वर्षं.

मेख पुढे आहे. हे पक्षी फार सावकाश जगतात. ब्रायडल्ड टर्न एका विणीत एकच अंडं घालतो आणि पिल्लू वयात यायला काही वर्षं जातात. मिडवे बेटावरच्या विस्डम या लेसन अल्बट्रॉस मादीच्या पायात १९५६ साली ओळखीची कडी घातली, तिने २०२४ मध्येही अंडं दिलं. म्हणून स्कॉटलंडच्या ऑर्कनीतल्या आइनहॅलो बेटावर १९५० पासून फुलमार या समुद्रपक्ष्याची नोंद चालू आहे. तुम्ही पाच हंगाम कड्या घालून जगण्याचा दर काढायचा म्हटलात, तर हाती दोन हंगामांमधली चार मध्यंतरं येतात. त्यातल्या शेवटच्या मध्यंतरात 'पक्षी मेला' आणि 'पक्षी होता पण दिसला नाही' हे वेगळं करता येत नाही. उरली तीन. तेव्हा एक तर आधीपासून चाललेल्या नोंदींच्या मालिकेत शिरा, नाहीतर एक-दोन हंगामांत सुटणारा प्रश्न घ्या: पिल्लांचा आहार, पिसांतले कार्बन-नायट्रोजनचे समस्थानिक (पक्ष्याने काय खाल्लं याचा माग देणारे अणूंचे प्रकार), समुद्रावरची घनता. आणि 'आर' ही सांख्यिकीची संगणकभाषा आत्तापासून शिका, ते एमएस्सीवर ढकलू नका.

डोलकाठी: घनतेचा विषय घेतलात तर मोजणीची पद्धत पक्की हवी. जहाजाच्या एकाच बाजूला ३०० मीटरचा पट्टा धरायचा आणि पाण्यावर बसलेले पक्षी ०-५०, ५०-१००, १००-२००, २००-३०० अशा पट्ट्यांत लिहायचे. लांबचे बसलेले पक्षी सुटतातच, ती तूट या पट्ट्यांवरूनच भरून काढता येते. उडणारे पक्षी मात्र सतत मोजायचे नाहीत. ते जहाजापेक्षा वेगाने पट्ट्यातून जातात, सगळे लिहिले तर आकडा कितीतरी फुगतो. ठरावीक क्षणी पट्ट्यात जेवढे हवेत असतील तेवढेच घ्यायचे. १० नॉट वेगाने जहाज मिनिटाला सुमारे ३०९ मीटर जातं, म्हणून मिनिटाला एक क्षण पुरतो. वेग बदलला की दोन क्षणांमधला वेळही बदलायचा, हे हमखास विसरलं जातं.

मासेमारी ट्रॉलरवरून मोजणी टाळा. जाळं ओढताना पक्षी मागे गोळा होतात, तो आकडा त्या समुद्राचा नसतो. लाटा चढून सगळीकडे पांढरा फेस दिसू लागला, की विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल एवढासा पक्षी दिसणारच नाही. तिथे थांबा, आणि का थांबलात ते वहीत लिहा.

कडीवाला: जिओलोकेटरबद्दल सांगते. लॉगर (म्हणजे तेच नोंद ठेवणारं यंत्र), कडी, गोंद मिळून वजन पक्ष्याच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवतात. १२० ग्रॅमचा टर्न धरला तर ३.६ ग्रॅम. पायावरचा लॉगर त्यात सहज बसतो. कडी स्टेनलेस स्टीलची घ्या, अ‍ॅल्युमिनियम खारं पाणी आणि खडक मिळून खातात.

अडचण उजेडाची आहे. लॉगर उजेडावरून सूर्योदय-सूर्यास्त टिपतो. मध्यान्हीच्या वेळेवरून रेखांश मिळतं, दिवसाच्या लांबीवरून अक्षांश. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास दिवस सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या दोन-तीन आठवड्यांचं अक्षांश टाकूनच द्यावं लागतं. विषुववृत्ताजवळ तर वर्षभर दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, म्हणजे चूक तिथेच जास्त. चांगल्या परिस्थितीतही दीड-दोनशे किलोमीटरची चूक धरा. अंड्यावर बसलेल्या पक्ष्याच्या अंगाखाली लॉगर झाकला जातो आणि दुपारीच सूर्यास्त झाल्यासारखी नोंद येते. 'कुठल्या समुद्रात गेला' याचं उत्तर मिळेल, 'कुठल्या उथळ भागात चरला' याचं नाही.

लॉगर परत काढायला तोच पक्षी पुढच्या हंगामात पुन्हा पकडावा लागतो. वीण पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून होडी मिळत नाही, आणि समुद्र खवळलेला. बेटावर उतरणंच होत नाही. तेव्हा पाच वर्षांचा प्रबंध निव्वळ यावर उभा करू नका, एक प्रकरण ठेवा. आणि लॉगर लावलेत तेवढ्याच पक्ष्यांना नुसती कडीही घाला, नाहीतर न परतलेले पक्षी लॉगरमुळे आले नाहीत का, हे कधीच कळणार नाही.

प्राणिशास्त्र_तिसरं_वर्ष: खूप आभार. परवानगी कुणाची लागते? आणि तोवर पुण्यात सराव कसला करू?

खारावारा: पकडण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, कार्यालय नागपूरला. पक्ष्याची जात त्या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये (सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत) असेल तर केंद्राचीही. कड्या मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेकडून. कागदपत्रांना महिने लागतात, म्हणून अर्ज हंगामाच्या वर्षभर आधी करा.

सरावाला हिवाळ्यात भिगवण गाठा. तिथे उजनी धरणाच्या पाण्यावर कुरव आणि नदी सुरय भरपूर. दोघांनी एकमेकांना न सांगता तोच थवा मोजायचा, लगेच फोटो काढायचा, घरी फोटोवर एकेक ठिपका देऊन मोजायचं. मोठ्या थव्याचा अंदाज बहुतेकांचा कमीच पडतो, तुमचा किती पडतो ते प्रत्येक खेपेला लिहून ठेवा. दहा-बारा खेपांचे आकडे झाले की इथे टाका, त्यातून दुरुस्तीचा गुणक कसा काढायचा ते सांगतो.