मदत हवी आहे: पाठवलेला फोटो समोरच्याच्या फोनमधून उडवता येतो का? अर्जंट

काठावरची: भाचीने वर्गातल्या एका मुलाला फोटो पाठवलाय, आता तो अजून पाठव म्हणून मागे लागलाय, नाहीतर ग्रुपवर टाकीन म्हणे. त्याच्या फोनमधून तो उडवायचा कसा? प्लीज लेक्चर नको.

मुक्या: कुठल्या अ‍ॅपवर? कधी? वय काय? काहीच लिहिलं नाहीयेत.

काठावरची: व्हॉट्सअ‍ॅप, काल रात्री. वय १४. फोटो तसला आहे, समजून घ्या.

फिरस्ता७: डिलीट झालेला फोटो गॅलरीच्या ट्रॅशमध्ये बहुतेक ३० दिवस असतो, तिथून रिस्टोअर मारा.

काठावरची: अहो परत नकोय, घालवायचाय!!

मुक्या: 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण अडीच दिवस चालतं, पण त्याने सेव्ह केला असेल तर काही फायदा नाही. आधी त्याच्या धमक्यांचे स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि तारीख दिसेल असे. मगच ब्लॉक.

काठावरची: व्ह्यू वन्सवर पाठवला होता, म्हणजे एकदाच उघडतो तसा, म्हणून तर ती निर्धास्त होती. आता तो म्हणतो माझ्याकडे आहे.

मुक्या: हे आधी सांगायचं ना! व्ह्यू वन्सला अ‍ॅप स्क्रीनशॉट अडवतं, दुसरा फोन समोर धरून फोटो काढला तर कोण अडवणार?

आबा_निवृत्त: फोन काढून घ्या, विषय संपला. आमच्या नातीला दहावीपर्यंत बटणांचाच फोन दिला होता.

वर्गाबाहेर: आबा, तिने स्वतःहून मावशीला सांगितलंय. फोन गेला तर पुढच्या वेळी कोणालाच सांगणार नाही. मी शाळेत समुपदेशन करते, एका मुलीने मला चॅट दाखवलं होतं, तीनदा 'नको', मग त्याचं 'विश्वास नाही ना माझ्यावर', मग तिचं 'चिडलास का?', आणि त्याच्याच खाली फोटो. हौसेने पाठवलेला नसतो हो तो.

आबा_निवृत्त: पण पाठवला तिनेच ना.

वर्गाबाहेर: आणि धमकी कोण देतंय? काठावरची, त्याला अजून एकही फोटो जाऊ देऊ नका, 'शेवटचा एक' म्हणाला तरी. दिला की मागणी वाढतेच. 'टेक इट डाउन' बघा, एनसीएमईसी या अमेरिकन संस्थेची फुकट सेवा आहे, १८ च्या आत काढलेल्या फोटोंसाठी, कुठल्याही देशातून चालते, नावही द्यावं लागत नाही. फोटो अपलोड होत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच पुढे जातो. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉक त्यावरून शोधतात.

मुक्या: व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये नाही चालत ते, एन्क्रिप्शन आहे, म्हणजे चॅटमधलं कंपनीलाही दिसत नाही. आणि त्याने स्क्रीनचा फोटो काढला असेल तर ठसा जुळणारही नाही.

वर्गाबाहेर: माहितीये. पण मूळ फोटो इन्स्टावर चढला तर तिथे तरी अडेल. काहीच न करण्यापेक्षा बरं.

गेमर_ची_आई: मधेच विचारते, मुलगा रात्री २ पर्यंत गेम खेळतो, कुठलं लॉक अ‍ॅप चांगलं?

मुक्या: ताई वेगळा धागा काढा की.

काठावरची: पण ठशासाठी फोटो लागेल ना, तिने घाबरून गॅलरीतून उडवलाय.

फिरस्ता७: ट्रॅश. ३० दिवस. मी वर काय लिहिलं होतं? 😏

काठावरची: सॉरी दादा 🙏

वर्गाबाहेर: तिच्याच फोनवर करा, तुमच्या फोनवर मागवू नका. पुरावा म्हणूनसुद्धा तो फोटो कोणाला फॉरवर्ड करायचा नाही, धमक्यांचे स्क्रीनशॉट पुरे. आणि तिच्या आईला माहितीये का?

काठावरची: नाही. ताई रागीट आहे, म्हणून तर इथे विचारतेय.

वर्गाबाहेर: सांगावं लागेल. शाळेत जायचं तर आईवडील लागतील. भाचीला आधी विचारा, तिच्या नकळत नको.

काठावरची: अपडेट. फोटो ट्रॅशमध्ये मिळाला, ठसा दिलाय. भाची म्हणाली तू बोल, मी शेजारी बसते. ताईचा हात आधी फोनकडेच गेला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उलटा करून ठेवला आणि तिला जवळ घेतलं. उद्या दोघी वर्गशिक्षिकांना भेटतायत, स्क्रीनशॉट घेऊन.

आबा_निवृत्त: बरं झालं. बटणांचा फोन लागला तर सांगा, पडूनच आहे.